कूपाच्या लिलावापासून निविदेपर्यंत : डहाणू-तलासरी परिसरातील सार्वजनिक कामांचे वाटप आणि स्थानिक श्रमिक

प्रस्तावना

सार्वजनिक बांधकामाचे कंत्राट कोणाला मिळते, या प्रश्नाकडे आपल्याकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. अभियांत्रिकी व वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत तो किमान दराचा प्रश्न असतो. वृत्तपत्रांच्या रकान्यांत तो गैरव्यवहाराचा प्रश्न असतो. एखाद्या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचे अंग म्हणून त्याचा विचार तुलनेने कमी झाला आहे. वस्तुतः रस्ता, पूल, बंधारा किंवा शाळेची इमारत यांवर शासन जो पैसा खर्च करते, तो गावातील कोणत्या हातांत पडतो आणि कोणत्या हातांना नुसता स्पर्श करून पुढे जातो, यावर त्या प्रदेशातील आर्थिक संबंध मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात तपासला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. तलासरी तालुक्याची घडण १९६० च्या राज्यविभाजनाशी निगडित आहे. त्या वेळी उंबरगाव तालुक्यातील काही गावे गुजरातेत गेली आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरी आकारास आला. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत सुमारे नव्वद टक्के आणि डहाणूत दोन तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात संपूर्णपणे मोडतात.

निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) या परिसरात सरकारी कामाचा ठेका मिळवण्याचे नियम कसे बदलत गेले हे पाहणे, (२) सहकारी संस्थांच्या मार्गाने स्थानिक श्रमिकांना या व्यवस्थेत कितपत स्थान मिळाले याचे मूल्यमापन करणे, (३) आजच्या निविदापद्धतीत लहान पुरवठादाराला कोणत्या अडचणी येतात व त्यांतून मार्ग कसा निघतो याची मांडणी करणे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, या परिसरात ठेका मिळण्याचा निर्णय दरापेक्षा प्रवेशाच्या अटींवर अधिक अवलंबून राहिला आहे. या अटी जेव्हा बदलल्या तेव्हाच स्थानिक श्रमिक ठेकेदारीच्या जवळ आला. परंतु भांडवल, मोजमाप व कामाचा अनुभव या तीन गोष्टी त्याच्या नावावर जमा न झाल्याने तो तेथे टिकू शकला नाही.

१. कूप, लिलाव आणि ठेकेदार

डहाणूच्या अर्थव्यवस्थेला आधुनिक वळण मिळाले ते रेल्वेमुळे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत आला. या मार्गावरील नद्या व खाड्या ओलांडण्यासाठी स्क्रूच्या लोखंडी खांबांवर उभारलेले पूल वापरण्यात आले आणि त्यांचे लोखंडी भाग ब्रिटनमध्ये तयार होऊन येत. म्हणजे कामातील सर्वांत मूल्यवान पुरवठा प्रारंभीच प्रदेशाबाहेरचा होता. मातीकाम, दगड, चुना आणि लाकूड एवढेच स्थानिक पातळीवर मिळवण्यासारखे होते. मूल्यवान पुरवठा बाहेरचा आणि अंगमेहनत स्थानिक, ही विभागणी पुढील दीडशे वर्षांत अनेकदा दिसते.

रेल्वेमुळे येथील जंगल मुंबईच्या बाजारपेठेच्या टप्प्यात आले. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन कायद्यांनी जंगलावरील शासनाचा अधिकार पक्का केला. वनखाते जंगलाचे ठरावीक क्षेत्राचे भाग पाडी. अशा प्रत्येक भागाला ‘कूप’ म्हणत. दरवर्षी तोडीस आलेल्या कूपांचा लिलाव होई. सर्वाधिक बोली बोलणारा व्यापारी हप्त्यांनी रक्कम भरून तोडीचा हक्क घेई आणि तोड, ओढणी, कोळसा पाडणे व वाहतूक ही कामे वारली, कोकणा, दुबळा आदी समाजांतील मजुरांकडून करवून घेई.

कूपाचा लिलाव आणि बांधकामाची निविदा यांत एक फरक आहे : लिलावात ठेकेदार शासनाला पैसे देतो, निविदेत शासन ठेकेदाराला देते. परंतु दोहोंची चौकट सारखीच आहे. दोन्हीकडे शासन काम निश्चित करते, लेखी अटी घालते, अनामत मागते आणि एका व्यक्तीशी करार करते. त्या व्यक्तीने मजुराला काय द्यावे हे मात्र बहुतांशी तिच्यावर सोडलेले असते. म्हणूनच या परिसरातील सार्वजनिक कंत्राटांचा इतिहास कूपापासून सुरू करणे उचित ठरते.

लिलावात उतरण्यासाठी रोख रक्कम, लेखन-वाचन आणि खात्याशी संबंध या तीन गोष्टी लागत. आदिवासी मजुराजवळ तिन्ही नव्हत्या. उलट तो बहुधा सावकार-जमीनदाराच्या कर्जात असे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पती-पत्नी दोघांनी धन्याकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा येथे रूढ होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात आलेल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी अहवाल तयार केला. वेठ, कर्ज आणि जंगल ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक यांची अधिकृत नोंद त्यामुळे शासनदरबारी झाली. मात्र १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने सुधारणांचा वेग खुंटला.

२. वारल्यांचा लढा आणि ठेकेदारीचा प्रश्न

२३ मे १९४५ रोजी झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड व त्याच्या सहकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. या लढ्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात दिला असून तो मराठी वाचकांना परिचित आहे. त्यामुळे येथे लढ्याचा संपूर्ण इतिहास न सांगता प्रस्तुत विषयाशी संबंधित एकाच अंगाचा विचार केला आहे.

१९४५ चा पहिला टप्पा मुख्यतः वेठ, लग्नगडी आणि गवतकापणीच्या मजुरीविषयी होता. १९४६ मध्ये लढ्याने जंगलकामाला हात घातला. जंगलकामासाठी रोज किमान सव्वा रुपया मजुरी मिळावी, ही मागणी पुढे आली. ही मागणी जमीनदाराप्रमाणेच सरकारी कूपाच्या ठेकेदाराकडेही होती, आणि त्यामुळे ती अप्रत्यक्षपणे सरकारच्या कंत्राटपद्धतीवरच बोट ठेवणारी होती. कूपाची किंमत लिलावात ठरत होती. मजुरी मात्र लिलावाच्या अटींत कोठेही नव्हती. लिलावात चढी बोली लावणारा ठेकेदार ती भरपाई मजुरीतून करी. सव्वा रुपयाच्या मागणीने मजुरी हा कराराचा एक निश्चित घटक मानावा, असा आग्रह प्रथमच धरला.

येथून पुढे दोन मार्ग शक्य होते. एक, ठेकेदार राहील पण त्याच्यावर मजुरीचे बंधन येईल. दोन, ठेकेदाराच्या जागी मजुरांचीच संस्था येईल. किसान सभेच्या लढ्याने पहिल्या मार्गाने दडपण आणले. शासनाने आणि गांधीवादी कार्यकर्त्यांनी दुसरा मार्ग निवडला. दोन्ही प्रवाहांत राजकीय अंतर मोठे होते, तरी एकाच्या रेट्याशिवाय दुसऱ्याला गती मिळाली असती असे म्हणता येत नाही.

३. जंगल कामगार सहकारी संस्था : प्रवेशाच्या अटींतील पहिला बदल

बाळासाहेब खेर यांनी १९४० च्या सुमारास आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली होती आणि बोर्डीचे आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक-कार्यकर्ते या भागात काम करीत होते. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. सहकार व अर्थ ही खाती वैकुंठलाल मेहता यांच्याकडे होती. या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन करून त्यांना कूप देण्याचे धोरण अमलात आले. ठाणे जिल्हा हे त्याचे एक प्रमुख क्षेत्र होते.

या धोरणाचे सार एका वाक्यात सांगता येते : संस्थेला लिलावात उतरावे लागत नव्हते. खात्याने ठरवलेल्या अटींवर कूप थेट संस्थेच्या ताब्यात येई. सभासद मजुरांना ठरलेली मजुरी मिळे आणि उरलेल्या नफ्यातून संस्थेचा निधी व कल्याणकारी कामे चालत. व्यापाऱ्यापेक्षा चढी बोली लावणे मजुरांना कधीच शक्य झाले नसते. शासनाने स्पर्धेचे निकष त्यांना शिथिल केले असे म्हणण्यापेक्षा स्पर्धेचे क्षेत्रच वेगळे आखले, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

हा विचार केवळ भारतीय नव्हता. इटलीत रावेन्ना येथे १८८३ मध्ये भूमिहीन मजुरांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि तिच्या सभासदांनी पुढे रोमजवळील ओस्तिया येथील दलदल हटवण्याच्या कामात भाग घेतला. १८८९ च्या इटालियन कायद्याने एक लाख लिरांपर्यंतची सार्वजनिक कामे अशा संस्थांना लिलावाशिवाय देण्याची मुभा दिली आणि अनामत आगाऊ भरण्याऐवजी ती देयकांतून कापून घेण्याची सवलत ठेवली. मजुराजवळ श्रम असतात, आगाऊ रोख नसते, हे ओळखून केलेली ही तरतूद होती. आपल्याकडील पुढील काळातील मजूर संस्थांच्या सवलती याच जातीच्या आहेत.

जंगल कामगार संस्थांचे यश नाकारता येणार नाही. खाजगी ठेकेदाराची मक्तेदारी मोडली, मजुरीचा दर निश्चित झाला आणि हिशेब लिहिला जाऊ लागला. परंतु त्यांच्या रचनेत एक मर्यादा प्रथमपासून होती. सभासद निरक्षर असल्याने संस्थेला पुरस्कर्ता व चिटणीस लागत आणि ते बहुधा बाहेरचे, सुशिक्षित असत. लाकडाची मोजणी, खात्याशी पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार आणि विक्री ही कामे त्यांच्याकडे राहिली. तोड आणि ओढणी सभासदाकडे राहिली. संस्था मजुराच्या नावाने असली तरी ठेकेदारीचे ज्ञान त्याच्यापर्यंत फारसे पोहोचले नाही.

दुसरी मर्यादा कामाच्या स्वरूपात होती. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले, १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी वृक्षतोड थांबली. ज्या संस्थांचे अस्तित्व कूपावर अवलंबून होते त्यांचे काम या क्रमाने आटत गेले. कूप कमी होत असताना रस्ते, बंधारे व इमारती यांची कामे वाढत होती. पण एका क्षेत्रातील संस्था दुसऱ्या क्षेत्रात आपोआप सरकली नाही.

४. मजूर सहकारी संस्था आणि रोजगार हमी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालील वर्गीकरणात जंगल कामगार संस्था आणि मजूर कंत्राटी संस्था श्रमिकांच्या उत्पादक संस्था म्हणून शेजारी शेजारी येतात. दोघींचे कूळ एकच आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर ग्रामीण रस्ते, शाळा, विहिरी व लघुपाटबंधारे यांची लहान लहान कामे मोठ्या संख्येने निघू लागली आणि मजूर संस्थांना त्यांत वाटा मिळाला. पुढील शासननिर्णयांत लहान कामांचे वाटप सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले नोंदणीकृत कंत्राटदार यांच्यात ३३:३३:३४ या प्रमाणात करण्याची पद्धत रूढ झाली. काम वाटप समिती आणि मजूर संस्थांचा जिल्हा संघ या यंत्रणा त्यासाठी उभ्या राहिल्या. बयाणा रकमेत सवलत हा या धोरणाचा आणखी एक भाग होता.

या तरतुदीवर राज्यभर एक टीका सातत्याने झाली आहे : संस्था मजुरांची, काम मात्र ठेकेदाराचे. सभासदांच्या यादीत प्रत्यक्ष मजुरी न करणारी माणसे असणे आणि संस्थेच्या नावावर मिळालेले काम ठरावीक टक्केवारी घेऊन दुसऱ्याला देणे, असे प्रकार चर्चेत आले. ही टीका नैतिक अंगाने पुष्कळ झाली आहे. तिचे आर्थिक अंग पुढील भागात पाहू, कारण ते अधिक दूरगामी आहे.

ठेकेदाराला पूर्णतः वगळणारा आणखी एक मार्ग महाराष्ट्राने अवलंबला, तो रोजगार हमीचा. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राच्या २००५ च्या कायद्यानेही ठेकेदार लावण्यास मनाई केली आणि मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ६०:४० असे ठेवले. या व्यवस्थेत मजूर थेट शासनाचा झाला. परंतु साहित्यावरील वाटा सिमेंट, खडी, लोखंड यांच्या पुरवठादाराकडे गेला. ठेकेदार गेला तरी पुरवठादार राहिला, आणि पुरवठादार होण्यासाठी पुन्हा भांडवलच लागत होते.

५. निविदेची रचना : दर आणि पात्रता

आता खुल्या निविदेकडे वळू. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात ‘ब-१’ आणि ‘ब-२’ हे दोन नमुने दीर्घकाळ रूढ आहेत. ‘ब-१’ हा टक्केवारी दराचा नमुना : खात्याचे अंदाजपत्रक दरसूचीवरून तयार होते आणि निविदाकार त्यापेक्षा किती टक्के कमी वा जास्त दराने काम करील एवढेच लिहितो. ‘ब-२’ हा बाबवार दराचा नमुना : खोदकाम, काँक्रीट, खडीकरण अशा प्रत्येक बाबीचा दर निविदाकार स्वतः भरतो.

टक्केवारीच्या निविदेत स्थानिक पुरवठादाराला एक खरा लाभ असतो. दरसूचीवर आधारित अंदाजपत्रकात खाणीपासून कामापर्यंतचे वाहतुकीचे अंतर धरलेले असते. मुरूम कोठे जवळ मिळतो, कोणत्या ओढ्यावर पाणी मार्चपर्यंत टिकते, कोणता रस्ता जून ते सप्टेंबर बंद राहतो, हे गावचा माणूस जाणतो. हे ज्ञान दरात उतरवता आले तर तो बाहेरच्यापेक्षा नेमका दर भरू शकतो. मात्र नेमका दर आणि आंधळेपणाने खाली नेलेला दर यांत भेद करणे आवश्यक आहे. चाळीस लाखांचे काम १२ टक्के कमी दराने घेतल्यास हाती ३५ लाख २० हजार येतात. त्यांतून सुरक्षा अनामत, प्राप्तिकर व कामगार कल्याण उपकर यांची कपात होते, गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या पावत्या नसतील तर तीही रक्कम कापली जाते आणि देयक मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावरच निघते. दर फारच कमी असेल तर जादा अनामतही भरावी लागते. तोपर्यंत मजुरी आणि डिझेल खिशातून भरावे लागते. लहान ठेकेदार बुडतो तो बहुधा येथे.

परंतु दराचा लिफाफा उघडण्याआधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि बहुसंख्य लहान पुरवठादार तेथेच गळतात. केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर २००२ च्या परिपत्रकात पात्रतेचे जे निकष सुचवले गेले, ते थोड्याफार फरकाने अनेक सार्वजनिक संस्थांनी स्वीकारले : मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के, आणि मागील सात वर्षांत पूर्ण केलेली समान स्वरूपाची तीन कामे प्रत्येकी ४० टक्क्यांची, किंवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्क्यांची, किंवा एक काम ८० टक्क्यांचे. याशिवाय अनेक निविदांत निविदाक्षमतेचे सूत्र लावले जाते : मागील पाच वर्षांतील सर्वाधिक वार्षिक कामाची रक्कम, गुणिले कामाच्या मुदतीची वर्षे, गुणिले दोन, आणि त्यातून हातातील कामांची रक्कम वजा. ज्याने एका वर्षात जास्तीत जास्त ५० लाखांचे काम केले आहे आणि ज्याच्या हाती ३० लाखांची कामे आहेत, त्याची एक वर्ष मुदतीच्या कामासाठी क्षमता ७० लाख ठरते. एक कोटीच्या कामाला तो अपात्र होतो.

या निकषांचा अर्थ एका शिडीच्या रूपात स्पष्ट होतो. तीन कामांचा निकष धरला तर एक कोटीच्या कामासाठी ४० लाखांची तीन कामे हवीत. ४० लाखांच्या कामासाठी १६ लाखांची तीन. आणि १६ लाखांच्या कामासाठी ६ लाख ४० हजारांची तीन. म्हणजे प्रत्येक पायरी मागीलपेक्षा अडीचपट उंच आहे आणि एक कोटीच्या दारात उभे राहण्यापूर्वी नऊ कामे पूर्ण झालेली असावी लागतात. प्रत्येक टप्प्यावर मागील तीन कामे सात वर्षांच्या आतली हवीत, ही अट वेगळीच. लहान कामांना हे निकष पूर्णपणे लागू होत नाहीत, हे मान्य करूनही शिडीचा चढ लक्षात यावा.

येथे मजूर संस्थांवरील टीकेचे आर्थिक अंग उघड होते. राखीव वाट्याचा खरा उपयोग या शिडीची पहिली पायरी मिळवून देणे हा होता. संस्थेच्या नावावर मिळालेले काम दुसऱ्याने केले की काम पूर्ण केल्याचा दाखला संस्थेच्या दप्तरात जातो, नफा ठेकेदाराकडे जातो आणि काम करण्याचे कौशल्यही त्याच्याकडेच साचते. दुसऱ्या पायरीवर चढायला सभासदांजवळ कागद असतो, पण यंत्र, मुकादम आणि हिशेब नसतो. जंगल कामगार संस्थेत जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होय.

पात्रतेच्या अटी शासनालाही बांधून ठेवतात, ही बाब लहान पुरवठादाराने विसरू नये. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून उद्भवलेल्या रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये असे तत्त्व मांडले की, सार्वजनिक संस्थेने स्वतः जाहीर केलेले पात्रतेचे निकष ती मनमानीपणे डावलू शकत नाही. कारण अपात्र म्हणून जे पुढे आलेच नाहीत त्यांच्यावर त्यामुळे अन्याय होतो. निविदा न भरणाऱ्याच्या हक्काचा विचार करणारे हे तत्त्व डहाणू-तलासरीसारख्या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

६. परिस्थितिकी, पेसा आणि महाकाय प्रकल्प

२० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका परिस्थितिकीदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. उद्योगांचे हिरवा, नारिंगी व लाल असे वर्ग पाडण्यात आले आणि उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा घालण्यात आली. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या व्यवस्थेने बागायती आणि किनारा यांचे रक्षण केले. त्याचबरोबर तालुक्यातील आर्थिक घडामोडींत सार्वजनिक कामांचे सापेक्ष महत्त्वही वाढवले. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनी गौण खनिजांच्या बाबतीत ग्रामसभेच्या पूर्वशिफारशीला स्थान दिले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अबंध स्वरूपात अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींकडे येऊ लागला. खडी-मुरुमाचा स्रोत आणि लहान कामांचा निधी या दोन्ही बाबतींत ग्रामसभेला अधिकृत स्थान मिळणे, ही येथील कंत्राटांच्या इतिहासातील १९४७ नंतरची महत्त्वाची घटना मानावी लागेल.

याच काळात कामांचा आकार मात्र विलक्षण वाढला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या शिळफाटा ते महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील झरोली या सुमारे १३५ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०२३ मध्ये लार्सन अँड टुब्रो या एकाच कंपनीला एकत्रितपणे देण्यात आले. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. मासेमारी व किनाऱ्यावरील परिणामांमुळे बंदराला स्थानिकांचा दीर्घकाळ विरोध राहिला आहे. त्या प्रश्नाचे गुणदोष हा या निबंधाचा विषय नाही, परंतु प्रकल्पाच्या किमतीचा आकडा आणि त्यातून स्थानिकांना मिळणारा वाटा यांची चर्चा त्या विरोधापासून तोडता येत नाही.

वर मांडलेल्या शिडीच्या दृष्टीने पाहता अशा प्रकल्पांत स्थानिक पुरवठादाराला मुख्य निविदेत स्थान असू शकत नाही. तो मुरूम, पाण्याचे टँकर, डंपर, मजूर आणि निवासाची सोय पुरवतो. तेही मुख्य ठेकेदाराच्या उपठेकेदाराकडे. त्याचा करार खाजगी असतो. सरकारी खात्याचा पूर्णत्वाचा दाखला त्याला मिळत नाही आणि मोजमाप पुस्तिकेत त्याचे नाव येत नाही. दहा वर्षे एका महाकाय प्रकल्पाला माल पुरवूनही पुढील सरकारी निविदेत त्याचा अनुभव शून्य धरला जाण्याची शक्यता असते. १८६४ मध्ये लोखंड बाहेरून आले आणि माती स्थानिकांनी वाहिली. तीच विभागणी आज उपठेक्याच्या रूपात पुन्हा घडू शकते.

या स्थितीत पुरवठादाराला उपलब्ध असलेले मार्ग मर्यादित असले तरी स्पष्ट आहेत. पहिला, माल व सेवा यांच्या पुरवठ्याचा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अशा उद्योगांकडून खरेदीचे किमान प्रमाण प्रथम २० व नंतर २५ टक्के ठरले. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहे आणि बयाणा रकमेतून सूट आहे. हे धोरण बांधकामाच्या कंत्राटांना लागू नाही, म्हणून सिमेंटच्या विटा, पेव्हर ब्लॉक, कुंपणाचे खांब किंवा फर्निचर असा तयार माल विकणाऱ्याला त्याचा लाभ अधिक. मालाचे पैसे थकल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे; तिचा वापर करण्यासाठी उद्योगाची नोंदणी आणि रीतसर बिले हवीत. दुसरा मार्ग, ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेच्या लहान कामांचा. येथेच शिडीची पहिली पायरी आहे आणि प्रत्येक कामाचा दाखला जपून ठेवणे हे त्या कामाच्या नफ्याइतकेच मोलाचे आहे. तिसरा, संयुक्त भागीदारीचा : दोघा-तिघांनी लेखी करार करून काम घेतल्यास, निविदेच्या अटींत तशी मुभा असेल तेथे, अनुभवाचा वाटा प्रत्येकाच्या नावावर राहू शकतो. तोंडी भागीदारीत तो राहत नाही.

निष्कर्ष

डहाणू-तलासरीच्या अनुभवावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) सार्वजनिक कामाच्या वाटपात दराची स्पर्धा ही पात्रतेच्या भिंतीच्या आत होते. या परिसरातील श्रमिक बहुतांश काळ त्या भिंतीबाहेर होता. १९४७ च्या धोरणाने भिंतीला प्रथमच दार पाडले आणि त्यामागे १९४५-४६ च्या लढ्याचा रेटा होता.

(२) राखीव वाटा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. जंगल कामगार संस्था आणि मजूर संस्था या दोन्ही प्रयोगांत काम मिळाले. मोजणी, हिशेब व व्यवहार सभासदांच्या हाती आले नाहीत. ठेकेदारी हे ज्ञान आहे आणि ते दुसऱ्याच्या हाती सोपवल्यास हक्क कागदावरच राहतो.

(३) महाकाय प्रकल्पांच्या काळात स्थानिक पुरवठ्याचा अनुभव नोंदला जाणे हा कळीचा मुद्दा आहे. सेवारस्ते, गटारे, कुंपण, वृक्षलागवड अशी पूरक कामे लहान भागांत काढणे आणि उपठेकेदार व पुरवठादारांना प्रकल्प प्राधिकरणाने प्रमाणित केलेला दाखला देणे, या दोन उपायांना मोठा खर्च लागत नाही. ते न झाल्यास प्रकल्प पूर्ण होतील, पण शिडीवर एकही स्थानिक नाव चढलेले नसेल.

(४) या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. अंदाजपत्रक वाचणे, दराचे विश्लेषण करणे, मोजमाप पुस्तिका समजून घेणे आणि निविदेची कागदपत्रे तयार करणे यांचे अल्पमुदतीचे वर्ग अर्थशास्त्र, वाणिज्य व इतिहास विभागांना एकत्रितपणे घेता येण्यासारखे आहेत. शिवाय जुन्या मजूर संस्थांची दप्तरे, सभावृत्ते आणि कामांचे दाखले ही या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाची साधने आहेत. संस्था बंद पडली की दप्तर रद्दीत जाते. ती गोळा करून त्यांची सूची करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांनी हाती घेतल्यास, सव्वा रुपयाच्या मागणीपासून आजच्या निविदेपर्यंतचा हा इतिहास श्रमिकांच्या स्वतःच्या नोंदींतून लिहिता येईल.